झाकण लावलं की बिघडणारा अॅम्प्लिफायर

२.४ गिगाहर्ट्झचा छोटा अॅम्प्लिफायर बनवला होता. उघडा असताना एकदम शहाणा, १८ डेसिबल गेन (सिग्नलची वाढ). धातूचं झाकण लावलं की करंट उडी मारायचा आणि गेन नाचायचा. इनपुटला काहीच नसताना स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सरळ उभी रेघ. म्हणजे अॅम्प्लिफायरचा ऑसिलेटर झाला होता, स्वतःच सिग्नल तयार करत होता.

दोन दिवस सप्लायचे कपॅसिटर बदलण्यात घालवले. (संशय नेहमी त्या बिचाऱ्यांवरच जातो.) फरक शून्य.

शेवटी डबी मोजली. आतून ६० × ४० मिलिमीटर. अशा बंद डबीचा सर्वात खालचा अनुनाद (ज्या फ्रिक्वेन्सीला आतल्या लहरी जोरात घुमतात ती) काढला तर ४.५ गिगाहर्ट्झ आला. आतल्या बोर्डाच्या डायइलेक्ट्रिकमुळे (विद्युतरोधक पदार्थामुळे) तो किंचित खाली सरकतो. चोर सापडला! आपण मॅचिंग (सिग्नल नीट आत-बाहेर जावा म्हणून केलेली जुळणी) २.४ ला करतो, पण ट्रान्झिस्टरला ते कुठे ठाऊक? ४.४ लाही त्याच्यात गेन शिल्लक होता, आणि डबी आउटपुट परत इनपुटकडे पोचवत होती.

खात्रीसाठी झाकणाला आतून मायक्रोवेव्ह शोषणारं रबरी शीट चिकटवलं. रेघ गायब. पण गोंदावर माझा भरवसा नाही, म्हणून मग मधोमध धातूची भिंत घातली, खाली ग्राउंडला नीट सोल्डर करून. दोन्ही कप्प्यांचा अनुनाद सव्वासहा गिगाहर्ट्झच्या जवळ गेला, इनपुट-आउटपुटही वेगळे झाले. आता झाकण लावूनही गेन १८ च.