पेन टॅबलेटवर चित्र गिरवताना या चुका टाळा

कागदावर सुबक गोल काढणाऱ्या माणसाचा गोल पेन टॅबलेटवर (संगणकाला जोडायची, पेनने चित्र काढायची पाटी) चपटा आला, की तो लगेच म्हणतो, "माझा हात अजून बसला नाही." बहुतेक वेळा हात बरोबर असतो, चुकलेली असते ती सेटिंग. सराव वाढवण्याआधी ती तपासा, एवढंच कळकळीचं सांगणं आहे.

गोल चपटा येतोय

सगळ्यात जास्त चित्रं बिघडवणारी चूक हीच. मध्यम आकाराच्या बऱ्याच टॅबलेटचा चालू भाग (जिथे पेन ओळखलं जातं तो) २१६ × १३५ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे १६:१०. मॉनिटर बहुधा १९२० × १०८०, म्हणजे १६:९. ड्रायव्हर (टॅबलेट संगणकाशी जोडणारा प्रोग्रॅम) अख्खा टॅबलेट अख्ख्या स्क्रीनवर ताणून बसवतो. मग तुम्ही ५० मिमी व्यासाचा अचूक गोल काढलात, तरी स्क्रीनवर तो ४४४ पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच उमटतो. वारली पद्धतीचं चित्र गिरवत असाल तर डोकी आणि सूर्य, सगळंच बसकं दिसणार.

ड्रायव्हरमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. नसेल तर चालू भागाची उंची १३५ ऐवजी १२१.५ मिमी भरा. खालची पट्टी वाया जाते, जाऊ द्या. दोन मॉनिटर जोडले असतील तर टॅबलेट एकाच मॉनिटरला नेमून द्या, नाहीतर ताण दुपटीने वाढतो.

खात्री करायला काचेची बांगडी टॅबलेटवर ठेवा आणि आतल्या कडेने पेन फिरवा. धातूची बांगडी नको, त्याने पेनचा सिग्नल बिघडू शकतो. गोल नीट आला पण आडवी रेष चढते किंवा उतरते, तर टॅबलेट टेबलावर तिरका ठेवलाय. तो मॉनिटरच्या समांतर ठेवा.

कागद टॅबलेटवर ठेवून गिरवणं

पातळ कागदातून पेन चालतं, कारण ते खालच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रावर काम करतं. म्हणून अनेकजण मूळ चित्रच टॅबलेटवर ठेवतात. छोट्या चिन्हासाठी ठीक. पण ए४ कागद २१० × २९७ मिमीचा, तो या टॅबलेटवर मावत नाही. तुकड्यातुकड्याने गिरवलं की सांधे जुळत नाहीत. मध्येच कॅनव्हास (प्रोग्रॅममधला चित्राचा कागद) झूम केला किंवा सरकवला, तर कागदाचा आणि स्क्रीनचा मेळच तुटतो. पेन 'माउस मोड'वर (माउससारखं, फक्त किती सरकलं ते मोजणारं) असेल तर तो मुळात जुळणारच नाही, 'पेन मोड' हवा, त्यात टॅबलेटवरची प्रत्येक जागा स्क्रीनवरच्या ठरलेल्या जागेशी जुळते. कागदाला स्टेपलची पिन किंवा क्लिप असेल तर ती आधी काढा.

माझं मत विचाराल तर मोठं चित्र सरळ स्कॅन करा. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ए४ चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं, ते पुरतं. अगदी बारीक रेघांना ६०० ठेवा. 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडू नका, पेन्सिलच्या फिक्या रेषा उडतात. ग्रेस्केल (करड्या छटा) घ्या. मोबाइलच्या फोटोत कडा कलतात, म्हणून तो शेवटचा पर्याय. स्कॅनची लेअर (चित्राचा पारदर्शक थर) फिकी करून लॉक करा आणि गिरवायचं ते वरच्या नव्या लेअरवर. लोक स्कॅनवरच गिरवतात आणि मग पेन्सिल आणि शाई वेगळी करता येत नाही.

दाब दिला तरी रेष जाड होत नाही

विंडोजवर याचं मूळ बहुधा 'विंडोज इंक'मध्ये (विंडोजची पेन हाताळण्याची पद्धत) असतं. ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम, दोघांनी एकच पद्धत वापरायला हवी. क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये टॅबलेट सेटिंग्जमध्ये 'विनटॅब' (जुनी पद्धत) की 'विंडोज पॉइंटर इनपुट' (विंडोज इंकची) ते बदलून बघा. तिथेच टॅबलेट टेस्टरही आहे, दाब पोचतोय की नाही ते लगेच कळतं. आधीच्या कंपनीचा ड्रायव्हर राहिला असेल तर तो काढून मशीन रीस्टार्ट करा, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. मॅकवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये ड्रायव्हरला परवानगी दिली आहे ना, ते पाहा.

पेन टेकवल्यावर एक वर्तुळ दिसून रेष उशिरा सुरू होते? विंडोजमधलं 'प्रेस अँड होल्ड फॉर राइट क्लिक' बंद करा.

रेष थरथरते

हळूहळू ओढलेली तिरकी रेष सर्वात जास्त लहरते. मनगटाऐवजी कोपरातून, थोड्या वेगाने ओढा. स्टॅबिलायझर (रेष आपोआप सरळ करणारी सोय) कमीच ठेवा. जास्त ठेवला की वळणं आणि कोपरे गुळगुळीत होतात आणि मूळ चित्रातला हात हरवतो. निब (पेनचं टोक) घासून एका बाजूला धारदार झाली असेल तर बदला, नाहीतर टॅबलेटवर चरे पडतात. खरखरीत कागदावरून गिरवत असाल तर ती आणखी लवकर झिजते.