मॉडेलमध्ये मालकीची हद्द नोंदवताना या चुका टाळा

भिंत दिसली की तीच हद्द, असं धरून चालणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बीआयएम मॉडेलमधल्या, म्हणजे इमारतीच्या माहितीसह बनवलेल्या त्रिमितीय संगणकीय मॉडेलमधल्या, भिंतीला जाडी असते, हद्दीला नसते. हद्द भिंतीच्या आतल्या अंगाने जाते, मधोमध की बाहेरच्या अंगाने, हे मॉडेल आपण होऊन सांगत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात नकाशावर हे तिन्ही पर्याय चालतात, म्हणून कोणता ते लिहावंच लागतं. 10 मीटर लांब, 20 सेंटिमीटर जाड सामाईक भिंतीत हद्द आतल्या अंगावरून मध्यावर आणली, तर त्या बाजूचं क्षेत्र 1 चौरस मीटरने वाढतं. भिंतीतला पाइप गळला तर दुरुस्ती कोणाची, हेही त्यावरच ठरतं. त्यामुळे प्रत्येक सामाईक भिंत, स्लॅब आणि छतासाठी हा निर्णय लेखी घ्या.

खोल्यांची बेरीज म्हणजे सदनिका नव्हे. आयएफसी हा अशा मॉडेलच्या देवाणघेवाणीचा खुला फाइल-प्रकार; त्यातली खोलीसाठीची वस्तू, आयएफसीस्पेस, बहुधा खोलीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतच असते. मधल्या भिंती निसटतात. आयएफसीझोन ही तर जागांची नुसती यादी, तिला स्वतःचा आकार नाही. मालकीचा घनाकार वेगळा काढा. त्यासाठी आयएफसीच्या चौथ्या आवृत्तीतलं आयएफसीस्पेशियलझोन बरं, त्याला स्वतःचा आकार देता येतो. मग शेजारचे घनाकार एकमेकांत घुसतात का, मध्ये फट राहते का, ते तपासा. जिना, शाफ्ट, गच्ची यांपैकी काहीही बिनमालकीचं राहू देऊ नका. हे राहून जातं आणि भांडणं तिथेच पेटतात.

मॉडेल नकाशावर भलतीकडेच उतरलं? आधी एकक पाहा, मिलिमीटर की मीटर. मग प्रकल्पाची उत्तर (आराखड्यात सोयीसाठी धरलेली उत्तर दिशा) आणि खरी उत्तर यांतला कोन. मॉडेलचे निर्देशांक नकाशाच्या निर्देशांकांशी जोडणारं आयएफसीमॅपकन्व्हर्जन भरलेलं आहे ना, हे बघून मोजलेल्या नियंत्रण बिंदूंशी (नेमकं स्थान माहीत असलेल्या खुणांशी) ताळा करा.

डिझाइनचं मॉडेल जसंच्या तसं नोंदवू नका. बांधताना भिंती सरकतात. प्रत्यक्ष मोजणी हवीच.

आणि हक्क ग्लोबल आयडीला, म्हणजे आयएफसी फाइलमध्ये प्रत्येक वस्तूला मिळणाऱ्या ओळखक्रमांकाला, बांधू नका. मॉडेल पुन्हा निर्यात केलं की तो बदलू शकतो, आणि मग नोंद कुठल्या जागेची हेच कळेनासं होतं. नोंदवहीचा युनिट क्रमांक त्या घनाकाराच्या गुणधर्मांत लिहा आणि दर निर्यातीनंतर तो तिथे आहे का, हे उघडून पाहा.