कॉन्स्टँटिनिडिसचं रेसिंग करिअर शोधायचंय? असं शोधा

अ‍ॅरिस्टिडिस कॉन्स्टँटिनिडिस म्हणजे १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधला ग्रीक सायकलपटू, रोड रेसचा विनर. याचं रेकॉर्ड चाळताना आधी तारीख बघा, कारण ग्रीसमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, १२ दिवस मागे, त्यामुळे या रेसची आपली १२ एप्रिल म्हणजे त्यांची ३१ मार्च, एकच रेस दोनदा मोजू नका.

मग मेडल. पहिल्याला तेव्हा चांदीचं मिळायचं, म्हणून जुन्या नोंदीत 'सिल्व्हर' दिसलं की दुसरा आला असं धरून बसू नका, गोल्ड नंतर यादीत लावलंय.

आता खरी मजा, रोड रेस ८७ किलोमीटर, अथेन्स ते मॅरेथॉन गाव, तिथे सही करायची आणि परत फिरून अथेन्सजवळच्या फालिरोच्या सायकल ट्रॅकवर फिनिश. नुसता ३:२२:३१ हा टाइम बघून काही कळत नाही, वर्णनं पण वाचा, येताना सायकल मोडली, दुसरी घेतली, तेवढ्यात इंग्रज बॅटेल पुढे गेला, याने परत गाठलं, मग पडला, पुन्हा सायकल बदलली! एवढं होऊनही दुसऱ्या आलेल्या जर्मन गोड्रिचपेक्षा जवळपास २० मिनिटं आधी पोचला, कमालच आहे राव.

ट्रॅकवरच्या रेसच्या याद्याही उघडा, १० किलोमीटरमध्ये त्याचं नाव सापडेल, तिथे मात्र मेडल नाही.