मस्टर्ड वायूने पोळलेली त्वचा: आधी कपडे उतरवा

जळीत कक्षात माझी बरीच वर्षं गेली. आता आपत्कालीन सरावात नव्या सिस्टरांना शिकवते. मस्टर्ड वायू म्हणजे त्वचेवर फोड आणणारं युद्धातलं रासायनिक विष; नावात वायू असला तरी ते तेलकट द्रव असतं. त्याचा धडा मी इटलीतल्या बारी बंदरापासून सुरू करते. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले. मस्टर्ड बॉम्ब भरलेलं ‘जॉन हार्वी’ हे अमेरिकन जहाज फुटलं. माल गुप्त होता, त्यामुळे रुग्णालयात कुणालाच काही कळलं नाही. तेलकट पाण्यातून काढलेल्या खलाशांना ओल्या कपड्यांवरच ब्लँकेटं गुंडाळली आणि विष तासन्‌तास अंगाला चिकटून राहिलं. मस्टर्डमुळे ८० हून जास्त माणसं गेली.

म्हणून सलाइनच्याही आधी कपडे. बूट, पट्टा, घड्याळ, सगळं उतरवा. सदरा डोक्यावरून ओढू नका, कापा आणि दुहेरी पिशवीत बंद करा. लॅटेक्सच्या पातळ हातमोज्यांतून मस्टर्ड आरपार जातं, तेव्हा ब्युटाइल रबराचे हातमोजे घाला. अंगावर थेंब दिसले तर मुलतानी मातीने टिपून घ्या, चोळू नका. मग साबण आणि कोमट पाणी. काखा, जांघा, स्तनांखालच्या घड्या नीट धुवा. घामट जागीच हे विष सर्वांत खोल पोळतं. पडदा लावा, रुग्णाची लाज राखा. डोळ्यांवर लगेच भरपूर पाणी सोडा, पट्टी बांधू नका.

यानंतरचे तास फसवे. त्वचा साफ दिसते, दुखत नाही, रुग्ण घरी जायचं म्हणतो. सोडू नका. लाली आणि खाज २ ते २४ तासांत केव्हाही उमटते, पाठोपाठ पिवळसर फोड येतात. स्पर्शाबरोबर आग झाली असेल तर लुईसाइटची, म्हणजे फोड आणणाऱ्याच दुसऱ्या एका युद्धविषाची, शंका डॉक्टरांना लगेच सांगा, कारण त्यावर डायमरकॅप्रॉल हा उतारा आहे. मस्टर्डवर उतारा नाही.

फोडातल्या पाण्यात विष नसतं, त्याला घाबरून रुग्णाला दूर ठेवू नका. लहान फोड तसेच राहू द्या. मोठे डॉक्टर निर्जंतुक पद्धतीने उघडतील. सलाइनने धुऊन सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुरोधक मलमाचा जाड थर द्या. ड्रेसिंग बदलण्याआधी वेदनाशामक द्याच. आणि जळीतवाल्यांनो, इथे सवय आवरा: अंग किती टक्के भाजलं यावरून सलाइनचा हिशोब लावू नका. आगीच्या जळिताच्या मानाने इथे अंगातलं पाणी कमी जातं. जादा सलाइन फुप्फुसांत साचतं. लघवी किती होते ते बघून ठरवा. रक्ताची तपासणी रोज हवी, कारण तिसऱ्या-पाचव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी घसरू शकतात, आणि उघडी जखम तेव्हाच जंतूंना सापडते.

जखमा भरायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यानंतरही सुटका नाही. इराणमधल्या सरदश्त शहरावर २८ जून १९८७ रोजी इराकने मस्टर्ड टाकलं; तिथल्या लोकांची खाज आणि कोरडेपणा कित्येक वर्षांनीही गेला नव्हता. अशा रुग्णाची खाज किरकोळ समजू नका, ती झोप खाते. अंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, कपडे सैल सुती, नखं कापलेली. रात्री फारच सतावलं तर डॉक्टरांना विचारून अँटिहिस्टामिन. घरच्यांना समोर बसवून सांगा की हे काळे-पांढरे डाग संसर्गाचे नाहीत, मुलांना मांडीवर घ्यायला हरकत नाही. जुन्या व्रणावर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच पाठवा.