काळ्या प्रायमरवर पांढरं धोतर: मिनिएचर रंगवू पाहणाऱ्यांसाठी

मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, रंगवायला शिकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काळ्या प्रायमरवर (रंगाआधी मारायच्या अस्तरावर) पांढरा, पिवळा, केशरी रंग चढतच नाही, काय करू? मी छत्रपती संभाजीनगरात राहते आणि रुखवतासाठी, प्रदर्शनांसाठी छोट्या मूर्ती रंगवून देते. वारीचे देखावे, बारा बलुतेदार, बैलगाड्या असं काम असतं. त्यात पांढऱ्यापासून सुटका नाही. धोतर पांढरं, बंडी पांढरी, टोपी पांढरी, आणि वर पताका भगवी. तरीही माझ्या टेबलावरच्या बहुतेक मूर्ती आधी काळ्या होतात. या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी त्याची कारणं आणि रीत जरा सविस्तर लिहिते आहे.

काळ्याचा मोठा फायदा म्हणजे जिथे ब्रश पोचत नाही तिथे सावली आपोआप राहते. दोन इंची वारकऱ्याच्या काखेत, टाळ धरलेल्या बोटांच्या मध्ये, निऱ्यांच्या तळाशी रंग पोचला नाही तरी बिघडत नाही. तिथलं काळं डोळ्याला खरंच वाटतं. पांढऱ्या प्रायमरवर अशी राहून गेलेली जागा लगेच नजरेत खुपते. उन्हात रापलेली कातडी काळ्या-तपकिरीतून वर आणली की चेहरा जिवंत होतो. टाळ, तांब्या, वीणेच्या खुंट्या अशा ठिकाणचे धातूचे रंगही काळ्यावरच खुलतात.

अडचण येते ती फक्त उजळ रंगांची, आणि ती का येते हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. पांढऱ्या रंगात बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, सुमारे २.७ आणि ज्या ॲक्रिलिक माध्यमात ते मिसळलेलं असतं त्याचा सुमारे १.५. या फरकामुळे प्रकाश उधळला जातो आणि रंग पांढरा दिसतो. पण मिनिएचरवरचा थर फार पातळ ठेवावा लागतो आणि तेवढ्या थरातून काही प्रकाश आरपार जातो. खालचं काळं तो गिळून टाकतं, म्हणून पांढरा मळका आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. मग हात जड होतो, थर जाड होतो, आणि चुण्या, बोटं, डोळे सगळं बुजून जातं. राखाडीचं तसं नाही. त्यात मिसळलेला थोडासा काळा स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीचा राखाडी थर खालचं काळं कितीतरी चांगलं झाकतो. म्हणून काळ्यावर पांढरं धोतर रंगवायचं म्हणजे ऐंशी टक्के काम राखाडीने करायचं आणि निव्वळ पांढरा अगदी शेवटी, अगदी थोडा वापरायचा.

हे ज्ञान आपल्या जिल्ह्याला जुनं आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांसमोर काळा बेसॉल्टच होता. त्यांनी गेरू आणि पिवळी माती थेट कातळावर फासली नाही. आधी मातीचा गिलावा दिला, त्यावर पातळ पांढरा लेप दिला, आणि मग रंग भरले. चित्रांना उजळपणा देण्यात त्या मधल्या लेपाचा वाटा मोठा आहे. शहरात असाल तर बीबी का मकबराही याच नजरेने पाहून या. तिथला संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटावर आहे. मधला बराचसा भाग काळ्या दगडाचा आहे, त्याला वरून पांढरा गिलावा केलेला आहे. दुपारी उभं राहून दोन्ही पांढरे शेजारी शेजारी बघा. पांढरा एकच नसतो हे तिथे जसं समजतं तसं पुस्तकातून समजत नाही.

आता प्रत्यक्ष धोतर. समजा ५४ मिमीचा वारकरी आहे. मूर्ती आधी भांड्याच्या साबणाने धुवून, वाळवून घ्या आणि बाटलीच्या झाकणावर चिकटवा, म्हणजे बोटांचं तेल तिला लागणार नाही. काळं प्रायमर पूर्ण वाळलं की फिक्या राखाडी स्प्रेचा हलका फवारा फक्त वरून मारा. याला झेनिथल म्हणतात. टोपी, खांदे, नाक, पुढे आलेला गुडघा उजळतो, खालचं सगळं काळं राहतं. सूर्य डोक्यावर असताना जसं दिसतं तसंच. आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आषाढी वारीसाठी पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हाही दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो. म्हणून वारीच्या देखाव्याला फवारा तिरपा न देता सरळ वरून द्यावा असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर पांढऱ्यात किंचित काळा आणि थोडा तपकिरी घालून मधला राखाडी करा. रंग दुधाइतका पातळ हवा. ब्रश टिश्यूवर टेकवून जादा रंग काढा आणि निऱ्यांच्या तळाची रेघ सोडून बाकी सगळं धोतर झाका. पहिला कोट विरळ दिसेल, दिसू द्या. तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या. अर्धवट ओल्यावर ब्रश फिरवलात तर खालचा थर सोलून निघतो आणि काळे टिपके वर येतात. मग त्याच मिश्रणात पांढरा वाढवत जा आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी जागा रंगवा. शेवटचा निव्वळ पांढरा फक्त निरीच्या धारेवर, गुडघ्यावर, खांद्याच्या टोकावर. लांबून पाहिलं की सगळं धोतर पांढरंशुभ्र दिसतं, आणि जवळून पाहणाऱ्याला त्यात कापडाची घडी दिसते.

राखाडीची छटा कोणती घ्यायची हे ठरवायला आठवडी बाजारात जाऊन बसा. नीळ दिलेल्या धोतराची सावली निळसर असते. कोऱ्या, मांजरपाटी कापडाची पिवळट असते. घोट्याजवळचा भाग मातीच्या रंगाकडे झुकलेला असतो. दिंडीतल्या सगळ्या वारकऱ्यांना एकच पांढरा दिलात तर देखावा साच्यातून काढल्यासारखा वाटतो. दोन राखाड्या तयार ठेवा, एक थंड, एक उबदार, आणि आलटून पालटून वापरा.

ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासून, पांढरं पटकन उठतं, पण पिठूळ दिसतं. घोंगडीला ते शोभतं, धोतराला नाही.

पिवळा आणि केशरी वेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. पिवळी रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात आणि काळ्यावर पातळ पिवळा बसला की शेवाळी हिरवट दिसतो. यावर पांढऱ्याचा थर हा उपाय आहे, पण तो पांढराच आधी चढवावा लागतो. त्यापेक्षा गेरूचा रस्ता सोपा. गेरू आणि पिवळी माती ही लोहाची ऑक्साइडं, एका-दोन कोटांत काळं झाकतात. पताकेला आधी गेरू, मग केशरी, मग केशरीत पिवळा मिसळून वरच्या कडा. केशरी उजळायला पांढरा घालू नका, पताका गुलाबट आणि निस्तेज होते. हळदीकुंकवाच्या देखाव्यातल्या पिवळ्या साड्यांनाही आधी पिवळी माती द्या, नंतर चमकदार पिवळा.

काळं प्रायमर सगळीकडे चालतं असं मात्र समजू नका. पांढरं लुगडं नेसलेली आजी किंवा पांढरा घोडा असेल, म्हणजे मूर्तीचा बहुतेक भाग उजळच असेल, तर राखाडी प्रायमर घ्या, वेळ वाचेल. बैलांचं उदाहरण घ्या. लाल कंधारी गडद लाल असतो, तो काळ्यातून गेरूकडे सुंदर येतो. देवणी पांढरा असला तरी त्याच्या अंगावर काळे ठिपके असतात, म्हणून मी तोही काळ्यावरच रंगवते आणि ठिपक्यांच्या जागा सोडून देते. ठिपके वरून काढलेले वाटत नाहीत, कातडीतलेच वाटतात.

रुखवताची कामं लग्नसराईत येतात आणि आपली लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. दुपारी स्प्रे मारलात तर रंग मूर्तीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. त्या खरखरीवर फिका रंग नीट बसत नाही. फवारणी भल्या सकाळी उरका, गच्चीवर, मास्क लावून. रंगवताना कूलरचा झोत टेबलावर घेऊ नका. वेट पॅलेट हवंच: पसरट डबा, त्यात ओला स्पंज, वर केकखाली घालतात तो बेकिंग पेपर. रंग तासन्‌तास ओला राहतो. पाणी बोअरचं वापरत असाल तर वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) वाळल्यावर काळ्यावर क्षारांचा पांढुरका डाग राहू शकतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, स्वस्त असतं.

गॅरेजवाल्यांचं गाड्यांचं प्रायमर वापरायला हरकत नाही, पण त्यातली काही सॉल्व्हंट प्लास्टिक विरघळवतात. मूर्तीचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढतो, तिच्या उरलेल्या तुकड्यावर आधी मारून पाहा.

मूर्ती एकेक करून पूर्ण करू नका. मधला राखाडी एकदाच भरपूर कालवून झाकणाच्या बाटलीत ठेवा, प्रमाण वहीत लिहा आणि सगळ्या धोतरांना तो थर सलग द्या. तीच छटा दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवणं फार कठीण जातं.

पैशांचंही सांगते, कारण नवी मुलं इथेच नुकसानीत जातात. गिऱ्हाइकाला वाटतं पांढऱ्या कपड्याला काय लागतंय, रंगीत नऊवारीचं काम जास्त. प्रत्यक्षात उलट आहे. हिरवी नऊवारी दोन-तीन थरांत होते, पांढऱ्या धोतराला पाच-सहा लागतात. म्हणून पांढऱ्या कपड्यांच्या मूर्तीचा दर वेगळा आणि जास्त ठेवा, आणि तो काम घेतानाच बोला. त्याआधी एक नमुना मूर्ती पूर्ण करा. ती घरातल्या ट्यूबलाइटखाली न दाखवता मांडवात असतात तशा पिवळ्या दिव्याखाली दाखवा, कारण त्या उजेडात उबदार पांढरा आणखी पिवळा पडतो. गिऱ्हाइकाने त्या उजेडात होकार दिला की मगच उरलेल्या मूर्तींना प्रायमर मारा.