दाढी, कुऱ्हाड आणि भिडे पूल

फँटसी कथेत ड्वार्फ, म्हणजे धातू घडवणारा तो बुटका, लिहायचाय? मग आधी दाढी, दारू आणि कुऱ्हाड खोडून टाका. काहीच उरलं नाही ना? माझ्याकडे कथा घेऊन येणाऱ्या पोरांचं हेच होतं. मी त्यांना पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत पाठवते. तिथे तांब्यावर हातोडी पडत असताना शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. म्हणजे तुमचा ड्वार्फ घरीही ओरडूनच बोलणार आणि बायको वैतागणार. इथून लिहायला घ्या.

तसंही, जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्यातला अल्विस हा ड्वार्फ चक्क विद्वान आहे. त्याला थॉर देवाची मुलगी बायको म्हणून हवी असते. थॉर त्याला प्रश्नांत गुंतवतो, हा हौसेने उत्तरं देत बसतो आणि ऊन पडतं. ऊन लागलं की ड्वार्फचा दगड होतो. खेळ खलास! कुऱ्हाडीचा पत्ता नाही.

ट्रोलला, म्हणजे लोककथेतल्या शेळ्या खाणाऱ्या राक्षसाला, पुलाखाली ठेवणार असाल, तर खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर तो कुठे जातो ते आधी ठरवा. पुण्यात मुठेवरचा भिडे पूल तर बुडतोच. ओल्या गोधड्या सावरताना कुणाला शेळ्या खायचं सुचतंय?

फँटसीतलाच एल्फ देखणा, अमर, शहाणा असतो, म्हणून मला कंटाळवाणा वाटतो. त्याला न जमणारं एक काम द्या. साधी पोळी लाटायला लावली तरी चालेल.