ईमेलने पॅच पाठवताना तारखेच्या या चुका टाळा

गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील बदल पॅच म्हणून, म्हणजे बदल टिपणाऱ्या मजकुराच्या फाइलच्या रूपात, ईमेलने पाठवण्याची पद्धत लिनक्स कर्नलच्या आणि खुद्द गिटच्या विकासात आजही रूढ आहे. तिच्यात नवखा माणूस हमखास अडखळतो तो तारखांपाशी, कारण एकाच पॅचला चार तारखा चिकटलेल्या असतात: काम लिहिल्याची लेखक-तारीख, मेल पाठवल्याची तारीख, कमिट (गिटमधील बदलाची एक नोंद) प्रत्यक्ष नोंदवल्याची कमिटर-तारीख, आणि चौथी तर निव्वळ खुणेपुरती असते.

आधी या चौथीचाच निकाल लावू. कमिटची पॅच-फाइल बनवणाऱ्या गिट फॉरमॅट-पॅच या कमांडने तयार केलेली फाइल उघडली, की पहिल्या ओळीत लांबलचक हॅशपुढे (कमिटच्या ओळख-क्रमांकापुढे) सोमवार, 17 सप्टेंबर 2001, मध्यरात्र अशी वेळ दिसते. संगणकाचे घड्याळ बिघडले असे समजून ती दुरुस्त करू नये. ही फाइल फॉरमॅट-पॅचने बनवली आहे हे इतर साधनांना ओळखता यावे, एवढ्यासाठीच तीच एक तारीख प्रत्येक फाइलमध्ये घातलेली असते.

खरी तारीख त्याखालच्या ‘डेट:’ (Date:) हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरील माहितीच्या ओळीत, असते आणि ती कमिटची लेखक-तारीख असते. भारतात 14 जानेवारी 2025 रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी केलेल्या कमिटसाठी तेथे ‘14 जान 2025 10:05:00 +0530’ असे येते. गिटच्या पोटात मात्र हीच वेळ ‘1736829300 +0530’ अशी, 1970 च्या आरंभापासूनच्या सेकंदांत, साठवलेली असते. हे हेडर हाताने बदलले की समोरच्याला हवी ती तारीख दिसेल, ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक. गिट सेंड-ईमेल ही कमांड फाइलमधील तारीख सरळ टाकून देते आणि पाठवण्याच्या वेळेवरून नवी घालते. दहा फाइलींची मालिका असेल, तर पहिलीला नऊ सेकंद मागची वेळ मिळते आणि पुढे एकेक सेकंद वाढत जातो, म्हणजे मेलपेटीत तारखेनुसार लावल्यावरही पॅचचा क्रम मोडत नाही.

पलीकडे, मेलमधून आलेला पॅच लावणारी गिट ॲम ही कमांड मेलवरची तारीखच लेखक-तारीख म्हणून नोंदवते. त्यामुळे जानेवारीत लिहिलेले आणि मार्चमध्ये पाठवलेले काम इतिहासात मार्चचे ठरते. हा बिघाड नव्हे. मूळ तारीख राखायचीच असेल, तर मेलच्या मजकुरात अगदी सुरुवातीला ‘डेट:’ची ओळ लिहून तिच्याखाली एक ओळ रिकामी सोडावी. तिच्याआधी ‘नमस्कार’ लिहिण्याचा शिष्टाचार पाळला, की गिट तिला हेडर मानत नाही आणि ती नमस्कारासकट कमिटच्या संदेशात जाऊन बसते. तारीखही आपल्या सवयीने 05/06/2025 अशी लिहू नये: आपल्या मनातला 5 जून गिटच्या लेखी 6 मे होतो. 14/01/2025 मात्र बरोबर वाचले जाते, कारण चौदावा महिना नसतो. त्यामुळे ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच डोके वर काढते आणि लवकर सापडत नाही. टाइमझोन ‘आयएसटी’ असा न लिहिता +0530 लिहावा, कारण तीच अक्षरे आयर्लंड आणि इस्रायलचे लोकही वापरतात.

सेंड-ईमेल वगळून फाइल थेट सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला देणाऱ्यांची अडचण उलटी असते. त्यांची जुनी तारीख जशीच्या तशी जाते, पॅच वाचणाऱ्याच्या मेलपेटीत जानेवारीच्या ढिगाखाली गाडला जातो, आणि फार जुन्या तारखेच्या मेलवर स्पॅमअसॅसिनसारखी नकोसे मेल अडवणारी गाळणी संशयही घेते.

घड्याळ चुकीचे असताना झालेले कमिट नुसत्या अमेंडने (शेवटचे कमिट बदलण्याच्या पर्यायाने) सुधारत नाही. त्याने लेखक-तारीख तशीच राहते. तेथे ‘डेट’ हा पर्याय देऊन नवी तारीख सांगावी. ‘रिसेट-ऑथर’नेही काम होते, पण त्यात लेखकाचे नावही आपले होते, म्हणून दुसऱ्याच्या पॅचवर तो वापरू नये.

पॅच स्वीकारणाऱ्यांचा गोंधळ बहुधा गिट ॲमच्या दोन पर्यायांत होतो. ‘इग्नोअर-डेट’ लेखक-तारखेच्या जागी कमिट करण्याची वेळ घालतो (गिटची मार्गदर्शिकाच याला लेखक-तारखेबाबत खोटे बोलणे म्हणते), तर ‘कमिटर-डेट-इज-ऑथर-डेट’ नेमके उलट करतो, म्हणजे कमिटर-तारखेच्या जागी लेखक-तारीख घालतो. कमिटांची यादी देणारा गिट लॉग एरवी लेखक-तारीख दाखवतो, पण ‘सिन्स’ची (अमुक तारखेनंतरचेच कमिट दाखवण्याची) चाळणी कमिटर-तारखेवर चालते. डोळ्यांसमोरच्या तारखेनुसार जे कमिट वगळले जायला हवे ते यादीत येते, ते यामुळे.

शंका असल्यास मालिका आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावी, आलेले मेल जतन करून एखाद्या तात्पुरत्या शाखेवर गिट ॲमने लावावेत आणि गिट लॉग ‘प्रिटी’च्या ‘फुलर’ रूपात पाहावा. तेथे दोन्ही तारखा एकाखाली एक दिसतात.